लिट्टी, बट्टी आणि मेक्सिकोची भाकरी

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका मित्राने फोटो टाकला. गडी सिडकोतला, सध्या कंपनीच्या कामाने कॅलिफोर्नियात आहे. साधं हॉटेल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही. पाटीवर लिहिलेलं ‘मेक्सिकन आणि साल्वादोरन’. खाली मित्राचा प्रश्न : मेक्सिकन समजलं, हे साल्वादोरन काय प्रकरण आहे बे?

ग्रुपवर नेहमीप्रमाणे उत्तराऐवजी अंगठे आले. मी मात्र त्यात दोन रात्री घालवल्या. पत्रकाराला दुसरं काय काम असतं म्हणा. आणि शोधता शोधता जे सापडलं ते अंबडच्या एक्सलो पॉइंटवर आणून सोडणारं निघालं, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला इवलासा देश. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या सव्वा ते दीडपट, बस्स. तिथे १९८० ते १९९२ अशी बारा वर्षं यादवी चालली. सुमारे पंच्याहत्तर हजार माणसं मेली आणि लाखो लोक जीव वाचवायला उत्तरेला पळाले. त्यातले पुष्कळ लॉस एंजेलिसला पोचले. कागद नाहीत, भाषा नाही, हातात कला एकच : पुपुसा थापायची. पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची जाडसर भाकरी, आत घेवड्याचं पुरण, चीज किंवा डुकराचं मांस. सोबत आंबवलेल्या कोबीची कोशिंबीर. हाताने खायची, काटा-चमचा मागितला की शेजारचा बघतो. २००५ साली त्या देशाने पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं, नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिच्या नावाने राखून ठेवला. आजही त्या देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त हा बाहेर गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा आहे.

पण मग पाटीवर ‘मेक्सिकन’ आधी का? माझा अंदाज सरळ आहे. गिऱ्हाइकाला टाको माहीत आहे, पुपुसा माहीत नाही. शेजाऱ्याचं चालणारं नाव पुढे लावायचं आणि आपला माल मागून वाढायचा. धंदा असाच होतो.

आता एक्सलो पॉइंटकडून आत वळा. संध्याकाळी सातनंतर, शिफ्ट सुटल्यावर. तिथे एक गाडी लागते. गाडीवाला बिहारमधल्या सिवानचा, वय पस्तिशीच्या आसपास, आधी पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये होता. शेगडीवर लिट्ट्या भाजतो. कणकेच्या गोळ्यात सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, त्यात लसूण, ओवा, लोणच्याचा मसाला. सोबत चोखा : भाजलेलं वांगं, टोमॅटो, बटाटा, वरून कच्चं मोहरीचं तेल, नाकात जाणारं. त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय? ‘बिहारी बट्टी’. लिट्टी हा शब्द खाली, बारीक.

मी विचारलं, बट्टी का रे बाबा? तर म्हणाला, “साहेब, इथले अर्धे गिऱ्हाईक जळगाव-धुळ्याचे. लिट्टी म्हटलं की पुढे जातात, बट्टी म्हटलं की थांबतात.” बोलला मराठीतच, थोडं अडखळत, पण ‘थांबतात’ अगदी आपल्यासारखं.

हे खरंच आहे. सिडको आणि अंबड खानदेशी माणसांनी भरलेलं आहे. कानबाईच्या मिरवणुकीला उत्तमनगर-पवननगर भागात रस्ता मिळत नाही. त्यांची वरण-बट्टी म्हणजे गव्हाच्या जाड्या रव्यात थोडं मक्याचं पीठ, उकडून किंवा वाफवून कापायची, मग तळायची, वरून तूरडाळीचं वरण आणि तुपाची धार. आणि भरीत तर विचारू नका. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं वांगं, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. चोख्यात आणि भरितात नातं किती जवळचं आहे हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. त्या गाडीवर शिरपूरकडचा एक वेल्डर पहिला घास घेऊन मोठ्याने म्हणाला होता, “हाई ते आमनीच बट्टी शे भो!” मग दुसरा घास खाऊन : “पन तेल बेक्कार.” मोहरीचं तेल त्याला शेवटपर्यंत झेपलं नाही. आता गाडीवाला त्याला शेंगदाण्याचं घालून देतो.

थोडं मेक्सिकोकडे वळतो, कारण तिथे एक मराठी माणूस भेटतो आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. पांडुरंग खानखोजे, वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज मागावर, मायदेशी परतायची सोय नाही. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा हा तिथला मोठा चित्रकार. त्याने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर ‘आमची भाकरी’ अशा अर्थाच्या नावाचं चित्र काढलं, सगळ्या रंगांची माणसं एका टेबलाशी बसून भाकर वाटून घेतायत असं. त्या पंगतीत खानखोजे आहेत. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. परप्रांतीयच काय, परदेशी माणूस, तोही पोलिसांच्या यादीतला. त्याला त्या देशाने मक्याचं काम दिलं. तेही मेक्सिकोत, जिथे मका म्हणजे देव आहे.

मक्यावरून आठवलं. मेक्सिकोतल्या बायका मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, साल काढतात, मग ओला वाटून भाकरी करतात. त्या चुन्यामुळे मक्यातलं ब-३ जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुन्याची रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणारे गोरगरीब पेलाग्राने आजारी पडत राहिले. जिन्नस नेला पण तो रांधणाऱ्याला काही विचारलं नाही. आपल्या येवला-चांदवडकडचा मका, पिंपळगावचा टोमॅटो, मिसळीतली मिरची, सगळी मंडळी त्याच अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेली. त्यांना कुणी भूमिपुत्राचा दाखला मागितला नाही.

आता मूळ मुद्दा. सिंहस्थ तोंडावर आहे, रस्ते रुंद होतायत, आणि ‘हातगाड्या उचला’ ही मागणी पुन्हा जोरात आहे. व्हॉट्सॲपवर तिला ‘परप्रांतीय हटाव’ची फोडणी. फेब्रुवारी २००८ मी विसरलेलो नाही. नाशिकमधून हजारो कामगार तेव्हा गाड्या भरभरून गेले, आणि सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांचे चेहरे उतरले. मे २०२० मध्ये मी गरवारे पॉइंटला उभा होतो, मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं पायी चालली होती, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर पोरं. पुढे कारखाने उघडल्यावर हेच ठेकेदार त्यांना फोन लावून लावून थकले.

स्थानिक पोरांना नोकरी नाही ही तक्रार खरी आहे, मी ती दर महिन्याला ऐकतो. ऐंशी टक्के स्थानिकांचं सरकारी धोरण आहे. त्याचा जाब विचारायचा तर कंत्राटी भरती करणाऱ्याला विचारा, चोखा वाटणाऱ्याला काय विचारता?

शिवाय कामगार जेवणार कुठे? १९४८ च्या कारखाने कायद्यात कँटीनची सक्ती होती ती अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. आपल्या अंबडमधली बहुतेक युनिटं पंधरा, वीस, चाळीस माणसांची. मशिन बंद करून अर्ध्या तासात पोटभर, तेही परवडेल असं, या गाड्यांवरच मिळतं. वडापाव, भुर्जी, शेवभाजी, लिट्टी. गाडी उचलली की बाराशे अंशांच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस बिस्किटावर रात्रपाळी काढणार. ती पोरं आपली पण आहेत, सुरगाणा-पेठची, कळवणची.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण चर्चेत कुणी त्याचं नाव काढत नाही. पथविक्रेता कायदा २०१४. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि तोवर कुणालाही हटवता येत नाही. शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. कोण कुठल्या जिल्ह्यात जन्मला हा रकाना त्यात मला कुठे दिसला नाही. रस्ता अडत असेल तर जागा बदलून द्या, रेषा आखून द्या, कचऱ्याची शिस्त लावा. यात वाद नाही, काही गाडीवाले खरोखर डोक्याला ताप आहेत, नाल्यात तेल ओततात. त्यांना दंड करा.

आमच्या बट्टीवाल्याकडे सर्वेक्षणाची पावती आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्याखाली ठेवलीय. पण प्रमाणपत्र अजून हाती पडलेलं नाही. या भागातल्या आपल्यापैकी कुणाला समितीतल्या सदस्यांचे नंबर माहीत असतील तर मला इनबॉक्स करा. आणि ज्यांनी अशाच पावत्या घेतल्यात त्यांनी फोटो काढून ठेवा, पावसात कागद टिकत नाही.

खायला जायचं तर सातनंतर जा, नऊला संपतं. दोन लिट्ट्या आणि चोखा चाळीस रुपयांत. मोहरीचं तेल नको असेल तर आधी सांगा. सुट्टे पैसे न्या, क्यूआर कोड त्याच्या मेहुण्याच्या खात्याला जोडलाय आणि दोघांचं सध्या पटत नाही.