केरामेइकोसची भांडी

मोरबीच्या टाइल्स घेताना ‘सिरॅमिक’ हा शब्द आपण बडोदेकर दहा वेळा उच्चारतो. ग्रीक भाषेत केरामोस म्हणजे कुंभाराची माती. त्यावरूनच अथेन्सच्या जुन्या कुंभारवाड्याला केरामेइकोस म्हणत, आणि आज तिथल्या मेट्रोच्या एका स्टेशनलाही तेच नाव आहे. गेल्या वर्षी मी, सौ. आणि माझी पुतणी अथेन्सला गेलो. ॲक्रोपोलिस सगळेच पाहतात, आम्हीही पाहिलं. पण तीन दिवस पुरले ते भांड्यांना.

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पहिल्या अर्ध्या तासात सगळी भांडी सारखीच दिसतात. काळी आणि नारिंगी, अंगावर योद्धे आणि घोडे. सौ. म्हणाली, “चित्रं सोडा, कान बघा.” स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर ती! हायड्रिया म्हणजे पाण्याची घागर. तिला तीन कान असतात. दोन आडवे, भरलेली घागर उचलायला, आणि मागे एक उभा, ओतायला किंवा रिकामी घागर धरून न्यायला. एकदा हे कळलं की पाटी वाचावी लागत नाही.

क्रेटरचं तोंड रुंद, कारण त्यात द्राक्षाची वाइन आणि पाणी एकत्र करून मग ओगराळ्याने वाढायचे. पाणी न घालता पिणं त्यांच्या लेखी रानटीपणा होता. प्सिक्टर तर उलट्या भोवऱ्यासारखा फुगीर. त्यात वाइन भरायची आणि तो गार पाण्याने भरलेल्या क्रेटरमध्ये तरंगत ठेवायचा. फ्रिजच्या आधीची युक्ती. मला सगळ्यात आवडलं ते लेकिथॉस, उंच मानेचं तेलाचं भांडं. पांढरे लेकिथॉस मृतांसोबत ठेवत. त्यांतल्या काहींच्या आत गळ्यापाशी एक छोटी वाटी बसवलेली सापडली आहे. म्हणजे तेल घालायचं वाटीभर, आणि भांडं दिसायचं काठोकाठ भरलेलं. पुतणी म्हणाली, “काका, हे तर आपलंच!”

अगोराच्या संग्रहालयात पाण्याचं घड्याळ आहे, क्लेप्सिड्रा. मातीचं भांडं, तळाशी छोटी नळी. सुमारे ६.४ लिटर पाणी वाहून जायला सहा मिनिटं लागत. न्यायालयात बोलणाऱ्याची वेळ अशी मोजत. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत एक ठेवायला हरकत नाही. जवळच लहान मुलाची मातीची शी-शूची खुर्ची आहे, अडीच हजार वर्षांहून जुनी. तिच्यासमोर आया सगळ्यात जास्त वेळ थांबत होत्या.

तिथेच अँफोरांची रांग लागते. वाइन आणि तेल जहाजाने नेण्याचे हे उंच रांजण. बूड टोकदार, म्हणून जमिनीवर उभे राहत नाहीत. पण जहाजाच्या पोटात एकमेकांच्या फटीत घट्ट बसतात, आणि ओतताना ते टोक तिसऱ्या हाताचं काम करतं. काहींच्या कानांवर ठसे आहेत, त्यांवरून माल कुठला ते कळतं. इथे मला आपलं भरूच आठवलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी वाटाड्या पुस्तकात भरूचला बारिगाझा म्हटलं आहे. तिथे येणाऱ्या मालात वाइन आहे, आणि पसंती इटलीच्या वाइनला. आपल्या अकोट्याच्या उत्खननातही त्या काळच्या रोमन सुरईची ब्राँझची मूठ सापडली. तिच्यावर इरॉस हा ग्रीकांचा प्रेमदेव आहे. सुरई गेली, मूठ राहिली.

शेवटच्या दिवशी केरामेइकोस. कुंभारवाड्याला लागूनच वेशीबाहेर अथेन्सचं स्मशान होतं, त्यामुळे भांडं जिथे घडलं तिथून चार पावलांवर पुरलंही जाई. इसवी सनपूर्व आठव्या शतकात इथे माणसाएवढी भांडीच थडग्यावर उभी करत. बाईसाठी पोटाला कान असलेला अँफोरा, पुरुषासाठी क्रेटर. भांड्याच्या घाटावरून कोण गेलं ते दुरून कळे.

आणि लुट्रोफोरोस. उंच, सडपातळ मानेचं हे भांडं लग्नाच्या आधी नवरीच्या न्हाणाचं पाणी आणण्यासाठी. लग्न न होता कुणी गेलं, तर त्याच्या थडग्यावर लुट्रोफोरोस ठेवत, पुढे दगडात कोरून. न झालेल्या न्हाणाचं भांडं.

मी तिथल्या बाकावर बसलो. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर तांब्याचं एक घंगाळ होतं. आत्याच्या हळदीच्या न्हाणासाठी घेतलेलं, काठावर तिचं नाव कोरलेलं. लग्नाआधी महिनाभर ती विषमज्वराने गेली. आजीने ते घंगाळ दर दिवाळीला चिंचेने घासलं, पण त्यातून कुणालाही अंघोळ करू दिली नाही. आम्हा मुलांना वाटे, आजी कंजूष आहे.

पुतणीला हे मी पहिल्यांदाच सांगितलं. तिने काही न बोलता बडोद्याला दादाला फोन लावला. आम्ही निघालो त्याच आठवड्यात घर बिल्डरला द्यायचं म्हणून माळा रिकामा होत होता, आणि पितळ-तांब्याची भांडी मोडीत जायची होती. “बाबा, नाव कोरलेलं घंगाळ आहे का अजून?” पलीकडून बराच वेळ खडखड ऐकू आली. मग दादा म्हणाला, “आहे. पोत्यात सगळ्यात खाली आहे.”