कल्हईवाल्याचा नवसागर

लहानपणी तेल्हाऱ्यात आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. रस्त्याच्या कडेला खड्डा खणून भाता लावायचा. भांडं चांगलं तापलं की त्यात चिमूटभर नवसागर टाकायचा. भपकन पांढरा धूर निघायचा, मग तो कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा. शाळेत विज्ञानात पहिला येणारा मी त्याला एकदा विचारलं, धूर कशाला? ‘‘नवसागर नसला तं कथील धरत नाही बाप्पा,’’ तो म्हणाला. गिऱ्हाइकाला दाखवायचा देखावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

एम. एस्सी.ला सिरियम क्लोराईड कोरडं करायचं काम माझ्याकडे आलं. पांढरे खडे, दर रेणूमागे पाण्याचे सात रेणू. पाणी घालवायचं म्हणजे तापवायचं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात वाढलेल्याला वाळवण काय शिकवता? मुशीत घेऊन उघड्यावर तापवलं. नाकाला झोंबणारी वाफ आली, ओला निळा लिटमस लाल झाला. तरी मी खूश! थंड भुकटी पाण्यात टाकली तर द्रावण गढूळ. खाली गाळ बसला, हलवून हलवून हात दुखले तरी तो विरघळेना.

पाणी जाता जाता क्लोरीनलाही हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात घेऊन गेलं होतं. मागे उरलं ऑक्सिक्लोराईड. उपाय पुस्तकात होता: चार ते सहा पट रेणू अमोनियम क्लोराईड मिसळून निर्वातात ४०० अंशांपर्यंत तापवा. अमोनियम क्लोराईड म्हणजे नवसागरच की! तापल्यावर तो अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल देतो. हेच आम्ल तांब्या-पितळेवरचा ऑक्साईडचा थर खातं, म्हणून कथील धरतं; आणि हेच भोवती असलं की सिरियमचं क्लोराईड क्लोराईडच राहतं. काम झालं की नवसागर उडून जातो. नळीच्या थंड टोकाला त्याचा पांढरा थर बसलेला पाहिला, तेव्हा आमची गल्ली आठवली.

सिरियम ज्या गटात मोडतं, त्याच्या ‘विरल मृत्तिका’ या नावाचाही तेव्हा उगाच धाक होता. प्रत्यक्षात भूकवचात सिरियम साधारण तांब्याइतकंच आहे. केरळात अलुवाच्या कारखान्यात १९५२ पासून मोनाझाइट वाळूतून या गटाची क्लोराईडं काढली गेली.

आता पोरांना हे काम देतो तेव्हा चष्मा-हातमोजे घालायला लावतो, कारण भुकटी डोळ्यांत गेली तर जळजळते. तापवणं धुरांड्याखालीच. कोरडं क्लोराईड पाण्यात विरघळताना तापतं, म्हणून पाण्यात थोडं थोडं टाकायचं. बाटली डेसिकेटरमध्ये, बूच घट्ट. जुलैत ती उघडी ठेवलीत, तर सगळा नवसागर पुन्हा पहिल्यापासून.