काचेच्या बाई

मुकुटबनला पाऊस लागला, पऱ्हाटीत कमरेएवढं तण माजलं, की सरकारी दवाखान्यातल्या या बाईंचे दिवस येतात. नाव टेस्ट ट्यूब. उंची बोटभर, अंग पारदर्शक, बोलणं जवळपास नाहीच. सापानं डसलेल्या माणसाचं दोन-तीन मिलिलीटर रक्त त्यांच्या हवाली केलं, की त्यांची एकच अट : वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

अट मोडून मध्येच हलवून पाहिलंत, तर निकाल बिघडलाच म्हणून समजा. आंघोळीचंही बाईंना वावडं. साबणानं धुतलेली ट्यूब चांगलं रक्तसुद्धा गोठू देत नाही, म्हणून कोरडी, कोरी करकरीतच लागते. प्लास्टिकच्या नळ्यांना त्या भावकीत धरत नाहीत. तोरा आहे, पण खरा आहे : रक्ताला गोठायला लावते ती काच, ते प्लास्टिकच्यानं होत नाही.

त्यांचा वैरी बसतो पेशंटच्या पुतण्याच्या खिशात. मोबाईल. त्याला वीस मिनिटं कशाला हवीत? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. ब्लेडनं चिरा मारा, करकचून बांधा, तोंडानं विष ओढा. परड चावल्यावर रक्त गोठत नाही आणि मारलेल्या चिरेतून ते वाहतच राहतं, हे मात्र व्हिडिओत नसतं. मेलेल्या सापाचा फोटो दाखवला, तर ‘डुरक्या घोणस, बिनविषारी’ म्हणून हा मोकळा. डुरक्या घोणस आणि परड, म्हणजे खरी घोणस, अंगावरच्या ठिपक्यांनी भल्याभल्यांना फसवतात.

बाई सापाकडे ढुंकूनही बघत नाहीत. वीस मिनिटं झाली, की त्यांना एकदाच कलतं करायचं. रक्त जागचं हललं नाही, तर गोठलंय. पाण्यासारखं वाहिलं, तर परडीचं नाहीतर फुरशाचं विष कामाला लागलंय.

‘व्हिडिओत तं पाच मिनिटात उतरते म्हनते, डॉक्टर!’ पुतण्या कुरकुरतो. बाई गप्प.

मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या आपली हद्द ओळखून असतात. नाग आणि मण्यार रक्ताच्या वाटेला जात नाहीत, त्यांचं विष नसांना धरतं. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. अनेकदा दुखत नाही, दातांची खूणही सापडत नाही. सकाळी पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात. अशा वेळी ट्यूबमध्ये रक्त छान गोठतं, पण त्यावरून ‘सगळं ठीक’ असा शेरा बाई मारत नाहीत. पापण्या बघणं त्यांनी डॉक्टरवर सोडलेलं असतं. मोबाईलला हीच पोटदुखी सांगा, तो अ‍ॅसिडिटी म्हणून ओवा चावायला लावील, आणि तोवर श्वास अडकायला लागलेला असेल.

२००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशानं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यापाड्यांतली, आणि निम्मी पावसाळ्यातली.

बाईंचा निकाल वाईट आला, की धावपळ दुसऱ्यांची. प्रतिविष भुकटीच्या रूपात कुपीत असतं, घोड्याच्या रक्तापासून केलेलं. आठ-दहा कुप्या विरघळवून सलाईनमधून सोडतात. घोड्याचं ते माणसाला सोसेलच असं नाही. अंगावर गांधी उठतात, कधी दम लागतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून अ‍ॅड्रिनलिन भरून कुणीतरी उशाशी बसून राहतं. या नोकरीसाठी मोबाईलनं अजून अर्ज केलेला नाही.

सहा तासांनी पुन्हा रक्त काढतात. बाई एकदाच राबतात, दुसरी पाळी करत नाहीत. त्यांच्या जागी त्यांची सख्खी बहीण येते, तितकीच कोरी, तितकीच घुमी, आणि खुर्चीवर पेंगणाऱ्या पुतण्याकडे तीही वीस मिनिटं मागते.