गुलाबी खोक्यातली कात्री

मुलींसाठी म्हणून काढलेल्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की गुलाबी रंगाची टिंगल ठरलेली. टिंगल रास्तच, पण तिच्या भरात १९९६ सालची ‘बार्बी फॅशन डिझायनर’ नीट पाहायची राहून जाते. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीची ही सीडी पहिल्या दोन महिन्यांत ५ लाखांवर खपली. तिच्यात जिंकणं-हरणं नव्हतं. मुलीने पडद्यावर कपडे बेतायचे, घरच्या प्रिंटरमधून खास कापडी कागदावर छापायचे, कापून जोडायचे आणि हातातल्या खऱ्या बाहुलीला घालायचे. कॉम्प्युटर तिच्या हाताखाली राबत होता. बाजाराने त्यातून उचललं काय, तर रंग आणि बाहुली! कात्री कुणाला दिसलीच नाही.

मुलींना काय आवडतं याची अटकळ बांधण्याची ही सवय जुनीच. १९८०च्या सुमारास जपानमधल्या गेमच्या अड्ड्यांवर पुरुषांचीच गर्दी असे. तिथे बायकांनीही यावं म्हणून नामको कंपनीच्या तोरू इवातानींनी खाण्याभोवती ‘पॅक-मॅन’ रचला. बायकांना खायला आवडतं, हा त्यांचा तर्क! (पुरुष जणू हवेवर जगतात.) तर्क कच्चा, खेळ मात्र पक्का, कारण तो कुणासाठी आहे याची पाटी त्यावर नव्हती. पाट्या पुढे आल्या. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला, मग निंटेंडोने आपलं गेमचं यंत्र खेळणं म्हणून दुकानांत आणलं, आणि खेळण्यांच्या दुकानात मुलांची बाजू वेगळी, मुलींची वेगळी. १९८९ मध्ये आलेल्या त्यांच्या यंत्राचं तर नावच ‘गेम बॉय’.

गेम रचणाऱ्या ब्रेंडा लॉरेल यांनी अटकळ बांधण्याऐवजी शेकडो मुलामुलींनाच विचारलं. त्यांच्या ‘पर्पल मून’ कंपनीने १९९७ मध्ये रॉकेट नावाच्या आठवीतल्या मुलीचा खेळ काढला. नव्या शाळेतला पहिला दिवस, आणि दर प्रसंगी तिला काय वाटावं हे खेळणारीने ठरवायचं. मुली म्हणजे रुसवेफुगवे एवढंच का, अशी टीका झाली. टीकेत तथ्य होतं. पण नव्या वर्गात आपल्याशी कोण बोलेल ही धास्ती काय खोटी असते? १९९९ मध्ये कंपनी बंद पडली आणि मॅटेलच्याच पदरात गेली.

पुढच्याच वर्षी ‘द सिम्स’ आला. ओकलंडच्या १९९१च्या वणव्यात त्याचे कर्ते विल राइट यांचं घर जळालं. ते पुन्हा मांडताना त्यांना हा खेळ सुचला होता. घर बांधा, माणसं नांदवा, एवढंच. बायकांनी तो उचलून धरला, कुणी आमंत्रण न देता. मग विक्रीवाले जागे झाले, आणि २०१२ मध्ये त्याच मालिकेत गायिका केटी पेरीच्या नावाने केक-गोळ्यांच्या थाटाचं फर्निचर विकायला आलं.