वस्तादाची नजर

वकिलाच्या धंद्यात माणसाचे बळ जिभेत असते. बाकीचे शरीर त्या जिभेला घरून कोर्टात आणि कोर्टातून घरी नेऊन आणण्यापुरते असले म्हणजे पुरे, अशा समजुतीत मी वीस वर्षे काढली. चाळिशी उलटली, पोट सुटले, जिना चढताना धाप लागू लागली. पण त्यामुळे एकही दावा हरल्याचे मला स्मरत नव्हते, म्हणून तिकडे लक्ष देण्याचे कारणही दिसत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री ही समजूत दूर झाली. आमचे अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले. त्यांचे वय त्या वेळी शहात्तर. आवाज ऐकून मी धावलो. ते भिंतीला टेकून, पाय पसरून बसले होते. शुद्धीवर होते, बोलत होते. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि उचलू लागलो. अण्णा तसे सडपातळ. पण जमिनीवर बसलेला माणूस केवढा जड असतो हे मला त्या क्षणी कळले. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. तिसऱ्या वेळी माझाच पाय सरकला. शेवटी सौभाग्यवतीने इमारतीच्या रखवालदाराला बोलावून आणले आणि त्या परक्या माणसाने माझ्या वडिलांना उभे केले. हाड मोडले नव्हते, हे देवाचे देणे. खाटेवर पडल्यावर अण्णा मला एवढेच म्हणाले, “अरे, तुला कुठे लागले नाही ना?” त्या प्रश्नाने मला जितके लाजविले तितके आजवर कोणत्याही न्यायाधीशाने लाजविलेले नाही.

त्याच आठवड्यात मी घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातले. प्रवेशाच्या वेळी एक छापील कागद सहीसाठी पुढे आला. व्यायाम करताना काही इजा झाल्यास तिची जबाबदारी सर्वस्वी सभासदाची, चालकांची नाही, असा त्याचा आशय होता. अशा कागदांवर उलटतपास घेण्यात माझे आयुष्य गेले आहे. निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास नुसत्या अशा सहीमुळे सुटका होईलच असे नाही, हे मला ठाऊक होते. त्या कागदावर मनातल्या मनात युक्तिवाद करीत मी सही केली. आपल्या पाठीचे रक्षण त्या युक्तिवादाने होणार नाही, हे मात्र तेव्हा सुचले नाही.

तेथे सायंकाळी सामुदायिक वर्ग चाले. पंचवीस-तीस माणसे, मोठ्याने लावलेले संगीत, आणि पुढे उभा असलेला एक धडधाकट तरुण शिक्षक. तो आकडे मोजी आणि आम्ही उठबस करू, वजने उचलू. समूहात व्यायाम करण्यात एक उत्साह असतो हे मान्य केले पाहिजे. एकटा माणूस जेथे पाच वेळा करून थांबेल तेथे समूहात तो पंधरा वेळा करतो. पण याच गुणात धोकाही असतो. माझ्या शेजारी पंचविशीतला एक मुलगा असे. तो बारबेलला चकत्या वाढवी, की माझाही हात नकळत चकत्यांकडे जाई. महिन्याभरात माझे बळ वाढल्यासारखे वाटू लागले होते आणि मला त्याचा गर्व झाला होता.

सहाव्या आठवड्यात एक दिवस कोर्टातून निघतानाच कमरेत उजव्या बाजूला कळ होती. ती मी कोणालाही सांगितली नाही. सांगितले तर मागच्या रांगेत उभे करतील, ही भीती. जमिनीवरून वजन उचलण्याचा प्रकार आला. तिसऱ्या वेळी पाठीत काहीतरी चमकले आणि मी जेथे होतो तेथेच वाकलेला राहिलो. संगीत चालू होते, आकडे चालू होते. शिक्षकाच्या ध्यानात यायला पुढचे आठ आकडे जावे लागले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की मणका व नसा शाबूत आहेत, स्नायू दुखावला आहे. पाय बधिर होणे, पायातले बळ जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही झाले तर क्षणाचाही विलंब न लावता परत या. एरवी अंथरुणाला खिळून राहू नका, सोसेल तितके चालत राहा, असा त्यांचा सल्ला होता. पूर्वी पाठदुखीला सक्तीची विश्रांती देत. ते मत आता बदलले आहे. मी चाललो खरा. पण तीन आठवडे देवळात गेल्यावर नमस्कारासाठी वाकता आले नाही. उभ्यानेच हात जोडायचे आणि वाकणाऱ्यांच्या पाठी पाहायच्या.

या सक्तीच्या रजेत अण्णांशी बोलायला वेळ मिळाला. आम्ही पिढीजात बडोद्याचे. बडोद्याच्या मराठी घरातून तालमीची गोष्ट निघाली नाही असे सहसा होत नाही. येथे दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. जुम्मादादा हे मुसलमान मल्ल. त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव. गुरूची जात-धर्म न पाहता शिष्याने आपल्या साऱ्या कार्याला गुरूचेच नाव राहू दिले आणि त्या जागेला मंदिर म्हटले. एकेका पठ्ठ्याला घडविण्याच्या जुन्या पद्धतीला माणिकरावांनी सांघिक व्यायामाची जोड दिली. शेकडो मुलांनी एकाच आज्ञेवर, तीही आपल्या भाषेतल्या, हालचाल करावी ही कल्पना त्यांनी रुजविली. मोडलेले हाड, निखळलेला सांधा बसविण्याबद्दलही त्यांची ख्याती होती. बळ वाढविणारा आणि इजा बरी करणारा माणूस एकच असणे, यात मला फार अर्थ दिसतो. डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. एवढा वारसा उशाशी असताना मी पाठ मोडून घेऊन बसलो होतो.

अण्णांनी माणिकरावांना पाहिलेले नव्हते. ते शिकले आमच्या आळीतल्या एका लहान तालमीत. ते सांगत, “वस्ताद आमचे फार बोलत नसत. पोर दारातून आत आले की त्याच्या चालण्याकडे बघत. मी एकदा अंगात कणकण असताना तसाच गेलो. कोणाला बोललो नव्हतो. वस्तादांनी मनगट धरले, हातात फावडे दिले आणि म्हणाले, आज हौद्यातली माती उकर. पंधरा दिवस मला माती उकरायला लावली. मला वाटले, अपमान केला. मी रडलोसुद्धा.”

“मग?” मी विचारले.

“मग काय! पंधरा दिवसांनी जोर मारायला बसलो, तर पहिल्यापेक्षा जास्त झाले.”

हौद्यातली लाल माती रोज उकरून भुसभुशीत करायची, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवायची, याचे कारण पठ्ठा पडला तर त्याला लागू नये हेच. पडणार हे गृहीत धरून आधी जमीन मऊ करायची, ही त्या तालमीची रीत. आमच्या जिमने त्याऐवजी माझी सही घेतली होती.

तथापि जुने ते सारे सोने, असा निवाडा मी देणार नाही. त्या तालमीत माझ्या आत्याला पाऊल टाकता आले नसते. हजार-हजार बैठकांच्या पैजा लागत आणि त्यांत गुडघे गेलेले म्हातारे अण्णांनीच पाहिले आहेत. सारे ज्ञान वस्तादाच्या नजरेत. वस्ताद चांगला तर शिष्याचे भाग्य, नाहीतर कपाळ. आज स्नायूंविषयी जे निश्चित कळले आहे ते त्या काळी माहीत नव्हते. मला माझी चूक समजली ती या नव्या ज्ञानामुळेच.

बरा झाल्यावर मी दुसऱ्या एका लहान व्यायामशाळेत गेलो. तेथे वर्गात आठच माणसे घेतात. शिकविणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. कोर्टात मला सारे ‘साहेब’ म्हणतात, तिने पहिल्याच दिवशी ‘काका’ म्हणून टाकले आणि विचारले, “काका, आज कुठे दुखतंय?” हा प्रश्न ती रोज प्रत्येकाला विचारते आणि उत्तर येईपर्यंत पुढे सरकत नाही.

तिने मला समजावून दिले, की पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढल्यासारखे वाटते ते बहुतांशी मज्जातंतूंचे असते. आहे त्याच स्नायूला अधिक कामास लावण्याची कला शरीर शिकलेले असते. स्नायू त्यानंतर हळूहळू भरतो आणि स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे त्याहूनही सावकाश बळकट होतात. म्हणजे सहाव्या आठवड्यात माझ्या उत्साहाला जेवढे वजन पेलवत होते तेवढे माझ्या शरीराच्या दोऱ्यांना पेलवत नव्हते. दुसऱ्या दिवशी सर्व अंग सारखे आंबते ते भिऊ नये. एका जागी, सांध्यात, सुरीसारखी कळ आली की तेथेच थांबावे. श्वास कोंडून जोर करू नये, रक्तदाब एकदम चढतो. वजन अंगालगत ठेवावे आणि पाठ न वाकविता कंबरेखालच्या सांध्यातून वाकावे. वजन शरीरापासून जितके दूर तितका पाठीवरचा भार अधिक. हे ऐकताना मला विहिरीवरून घागर आणणाऱ्या बायका आठवल्या. घागर त्या कमरेला चिकटवूनच आणीत; त्यांना हे कोणी शिकविले नव्हते.

तिने मला महिनाभर रिकाम्या दांड्यावर ठेवले. शेजारी एक साठीच्या बाई माझ्या दुप्पट वजन उचलीत होत्या. मी काही बोललो नाही. हौद्यातली माती उकरण्याचे माझे दिवस आले आहेत, हे मी ओळखले.

आता थोडे माझ्या धंद्याच्या भाषेत. त्या पहिल्या जिमविरुद्ध नोटीस द्यावी, असे माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने सुचविले होते. तीस माणसांवर एकच शिक्षक, सराईत आणि नवशिक्या एकाच आकड्यावर; योग्य काळजी घेतली नाही हे सिद्ध करणे अवघड नव्हते. पण मीच माझा उलटतपास घेतला, तेव्हा एका प्रश्नाला उत्तर देता येईना. कळ होती हे तुम्ही शिक्षकास सांगितले होते काय? नाही. प्रत्येक अशिलाला मी पहिल्याच भेटीत सांगतो, की वैद्य आणि वकील यांच्यापासून काही लपवू नका; लपविलेली गोष्टच शेवटी तुमच्यावर उलटते. आणि मी स्वतः एका महत्त्वाच्या गोष्टीवर, केवळ मागच्या रांगेच्या लाजेने, पांघरूण घातले होते. बघणारी नजर नव्हती हा त्यांचा दोष. दाखविण्याची तयारी नव्हती हा माझा. नोटीस गेली नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण असे, की आपल्या देवस्थानांतून आणि मंडळांतून आता ठिकठिकाणी व्यायामाचे वर्ग निघत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि ६५ वर्षांवरील मंडळींनी किमान ३ दिवस तोल व बळ यांचा व्यायाम करावा, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो, असे सांगितले आहे. वर्ग काढणाऱ्यांना माझी एवढीच विनंती, की यंत्रांची यादी करण्यापूर्वी, माणसे किती आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे किती हे आधी मोजावे. पालखी उचलताना आपण सारे एका हाकेवर उचलतो. पण चाल ठेवतो ती ज्याचा खांदा दुखतो आहे त्याच्या बेताने. वर्गही तसाच चालला पाहिजे.

त्या मुलीला मी एकदा न्हाणीघरातल्या रात्रीची हकीगत सांगितली. ती म्हणाली, “काका, पडलेल्या माणसाला काखेत धरून ओढायचं नसतंच. आधी लागलंय का ते बघायचं, मग त्यांनाच उठू द्यायचं.” मी चकित झालो. ज्या दुबळेपणाची मला एवढी लाज वाटत होती, तेथे बळाआधी शहाणपण हवे होते.

पुढे ती घरी येऊन अण्णांना शिकवून गेली. आरंभी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, दिवसाकाठी पाच वेळा, मग दहा. काही महिन्यांनी जमिनीवरून उठणे: कुशीवर वळायचे, हातागुडघ्यांवर यायचे, खुर्ची धरायची, एक पाऊल पुढे रोवायचे आणि सावकाश उभे राहायचे.

परवा एकादशीला अण्णा बऱ्याच वर्षांनी पाटावर पूजेला बसले. पूजा झाल्यावर मी धावत गेलो आणि सवयीने हात पुढे केले. “थांब,” ते म्हणाले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, पाऊल रोवले आणि उभे राहिले. थोडे डुलले, सावरले. मी दोन्ही हात तसेच पुढे धरून उभा होतो; स्पर्श करण्याची वेळ आली नाही.