सत्काराच्या आधी

पावसाची झड लागली, की आमच्या कारेगावात चहाच्या टपरीवर माळीणचा विषय निघतोच. माळीण तसं लांब, आंबेगावच्या डोंगरात. पण शिरूरला जिचं नाव पडलं, ती घोडनदी तिकडूनच येते. 30 जुलै 2014 च्या सकाळी तिथे डोंगर खाली आला, दीडशेवर माणसं गेली. मदतीचा टेम्पो घेऊन गेलेला एक जण अजून सांगतो ते ढिगाऱ्याचं नव्हे, एका जवानाचं. बूट काढून बसलेला, पावलं भिजून पांढरीफटक, सुरकुतलेली. पुढ्यातल्या पिठलं-भाकरीला हात नाही. ‘खा की दादा,’ म्हटलं तर म्हणाला, ‘हाताचा वास जात नाही.’

पायाला मलम असतं, धनुर्वाताचं इंजेक्शन असतं, लेप्टोच्या गोळ्या असतात. त्या वासाचं काय?

19 जुलै 2023 च्या रात्री रायगडच्या डोंगरातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. वर गाडीरस्ता नाही, जेसीबी चढेना. भर पावसात डोंगर चढायचा आणि फावडी-घमेली घेऊन उपसायचं. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला, ते गेले. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते, 57 माणसं बेपत्ता. थांबले ते बरोबरच केलं; जित्यांचा जीव आणखी किती टांगणीला लावायचा? पण पायाखाली माणसं राहिलीत हे ठाऊक असताना ज्याने फावडं खाली ठेवलं, तो पुढच्या पुरात बोटीत बसतो तेव्हा ते ओझं घेऊनच बसतो.

आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो. (सत्काराला आमच्याकडे मंडळं कमी पडत नाहीत.) एकदा वीर म्हटलं, की ‘झोप लागते का रे?’ विचारायची सोय राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत मदत करणाऱ्यांच्या काळजीवर वेगळा भाग आहे: कामाचे तास आवरा, सोबत्यांची विचारपूस करा, परतल्यावर विश्रांती घ्या. मानसिक मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा नंबरही 2022 पासून आहे. पण गणवेशातला माणूस तो फिरवेल? ‘ढिला पडला’ म्हणतील, ही धास्ती मोठी. म्हणून मला वाटतं, बोलणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडावं, रजा मात्र सक्तीची करावी. सगळी तुकडीच घरी गेली, की एकटा कुणी कच्चा ठरत नाही.

टेम्पो घेऊन धावणाऱ्या पोरांना तीही सोय नाही. रांजणगाव एमआयडीसीत दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असते, आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं तेच सुचत नाही.