चहाआधीची गोळी

कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या तामसीत तेव्हा सकाळी सगळेच शेकोटीजवळ बसतात. त्यामुळे मला जास्त थंडी वाजते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भर दुपारीही शाल काढवत नव्हती. थोडं वेचलं की बांधावर जाऊन बसायचे. सकाळी चेहरा सुजलेला असायचा, केस पुंजक्यानं गळायचे, पाळीत अंगावरून खूप जायचं. लेकरांवर उगाच ओरडायचे आणि मग रडू यायचं.

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या अंगात रक्तच नाही." ते खरंच निघालं. हिमोग्लोबिन कमी होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण थकवा हटेना. भूक कमी आणि वजन मात्र वाढत चाललेलं. आशाताईंनी थायरॉइड तपासायला सांगितलं. आरोग्य केंद्रात रक्त दिलं. टीएसएच आला १८. साधारण ४-५ पर्यंत ठीक धरतात.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी समजावलं. गळ्यातली ग्रंथी मंदावली की मेंदूखालची दुसरी ग्रंथी तिला जास्त काम करायला लावते. तो हुकूम म्हणजे टीएसएच. म्हणून आकडा वाढलेला, पण खरं संप्रेरक कमी. अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, पोट, पाळी, सगळं त्यावर चालतं. पाळीत जास्त रक्त जाण्यामागेही तेच असू शकतं, म्हणजे रक्त कमी होण्याचं मूळही कदाचित तिथेच.

लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, रोज सकाळी रिकाम्या पोटी. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा जेमतेम उतरलेला. मी फार खचले. गोळी एक दिवसही चुकली नव्हती.

डॉक्टरांकडच्या मराठी बोलणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं, "ताई, सकाळी अजून काय काय घेता?" मी सांगितलं, थायरॉइडची गोळी, लगेच चहा आणि त्याच्यासोबत लोहाची गोळी. तिथंच अडलं होतं. लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती अंगी लागत नाही. मध्ये निदान चार तास हवेत. चहासुद्धा अर्ध्या-एक तासानं.

मी लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घेऊ लागले. डॉक्टरांनी मात्रा न वाढवता दीड-दोन महिने थांबायला सांगितलं, कारण हे औषध अंगात सावकाश स्थिरावतं, घाईनं तपासून उपयोग नाही. पुढच्या तपासणीत टीएसएच ठीक आला. शाल सुटली. केसांना मात्र बरेच महिने लागले, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

शेजारणी सांगत होत्या, बरं वाटतंय तर गोळी सोड, सवय लागेल. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सवय कसली, शरीर बनवत नाही तेवढंच आपण बाहेरून देतो. मनानं बंद करायची नाही.

माझ्या नणंदेलाही हीच गोळी आहे. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ती म्हणाली, तिसऱ्या महिन्यात दाखवीन. मी थांबू दिलं नाही. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर वाढतं, आणि अशा वेळी मात्रा बहुतेक वाढवावी लागते. तिनं त्याच आठवड्यात रक्त दिलं. तिची मात्रा वाढवावी लागली.